पबमधले वादक पाठमोरे का बसतात?

प्रश्न : आमचा मुलगा आयर्लंडमध्ये लिमरिकला नोकरी करतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. एका शनिवार-रविवारी त्याने आम्हाला शेजारच्या क्लेअर काउंटीत नेलं. शनिवारची रात्र डूलिन या समुद्रकाठच्या खेड्यात, रविवार एनिस गावात. दोन्हीकडे पबमध्ये स्थानिक मंडळी वाजवत होती. वादन मनापासून आवडलं, पण मंच नाही, माइक नाही, निवेदन नाही. पाच-सात जण एका टेबलाभोवती बसलेले, निम्म्यांची आमच्याकडे पाठ. एक धून संपते न संपते तोच सगळे एकदम दुसरी सुरू करायचे आणि त्याआधी कोणी कोणाशी बोलायचंही नाही. हा कार्यक्रम होता की सराव? त्यांना पैसे कोण देतं? जानेवारीत मुलगा एका मंगळवारी पुन्हा डूलिनला गेला, तर सगळा शुकशुकाट. असं का? आणि शेवटचं : मुलगा तबला वाजवतो. पुढच्या वेळी तो तबला घेऊन गेला तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातला प्रत्येक प्रश्न दुसऱ्याला जोडलेला आहे. पाठ का दिसते हे कळलं की पैसे, शनिवार-रविवार आणि तबला यांचीही उत्तरं मिळतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

कार्यक्रम की सराव?

दोन्ही नाही. तुम्ही ऐकलंत त्याला तिकडे सेशन म्हणतात. आपल्याकडे वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर दोन रांगा करून उभे राहतात आणि एकमेकांकडे बघत गातात. बाजूला बसून ऐकणाऱ्यांना कोणी हाकलत नाही, पण त्यांच्यासाठी म्हणून कोणी गातही नाही. ऐकणारे उठून गेले तरी भजन थांबत नाही. सेशनचं नातं याच जातीचं आहे. वादक एकमेकांसाठी वाजवतात. पब सगळ्यांना खुला, म्हणून आपल्यालाही ऐकायला मिळतं.

गोल बसण्याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. या संगीतात सगळे जण एकच सुरावट एकत्र वाजवतात. फिडल, लाकडी बासरी, टिनची शिट्टी, कॉन्सर्टिना, बटणांचं अकॉर्डियन, सगळ्यांचं बोट एकाच वाटेने चालतं. प्रत्येकाच्या हरकती वेगळ्या : बासरीवाला एका स्वराभोवती झटकन गिरकी घेईल, फिडलवाला त्याच जागी गजाने तीन बारीक ठोके देईल. दुसऱ्याची हरकत कानावर आली तरच स्वतःची आवरता किंवा खुलवता येते. माइक नसलेल्या, गर्दीने गजबजलेल्या खोलीत हे ऐकू यायचं तर खुर्च्या जवळ ओढून तोंडं आत करायलाच हवीत.

दुसरं कारण इतिहासातलं आहे, आणि ते जास्त मोलाचं. हे सगळं नाचाचं संगीत. रील, जिग, हॉर्नपाइप, पोल्का ही नावं तालांची आहेत तशीच नाचांचीही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते पबमध्ये फारसं वाजतच नसे. ते वाजायचं शेतकऱ्याच्या घरी, स्वयंपाकघरात. टेबल-खुर्च्या भिंतीला लावायच्या, दगडी फरशी मोकळी करायची आणि चुलीच्या कडेला फिडलवाल्याला बसवायचं. उन्हाळ्यात हाच नाच गावाबाहेरच्या चौरस्त्यावर व्हायचा. वादकाची नजर असायची ती नाचणाऱ्यांच्या पायांवर.

१९३५ साली आयर्लंडच्या सरकारने सार्वजनिक नाचासाठी परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. कायद्याचा रोख नाचाच्या हॉलवर होता, पण अनेक गावांत धर्मगुरूंनी आणि पोलिसांनी त्याचा बडगा घरगुती नाचांवरही उगारला. क्लेअरचे प्रसिद्ध फिडलवादक ज्युनिअर क्रेहन (१९०८–१९९८) यांनी आयुष्यभर या कायद्याची सल बोलून दाखवली. ज्या घरांत मुलं ऐकून ऐकून शिकायची, ती घरंच त्याने गप्प केली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात भर पडली स्थलांतराची. केवळ १९५०च्या दशकात सुमारे चार लाख माणसं आयर्लंड सोडून गेली, त्यांतली बहुतेक इंग्लंडला. जो देश सोडून गेला त्याच्याबरोबर त्याचं फिडलही गेलं.

पबमधलं सेशन आकाराला आलं ते प्रामुख्याने लंडनमध्ये. बांधकामावर, कारखान्यांत राबणारे आयरिश तरुण केंटिश टाउन, कॅम्डन टाउन भागात भाड्याच्या खोल्यांत राहत. तिथे ना स्वतःचं स्वयंपाकघर, ना चार माणसं बोलावण्याची मुभा. मग जमायचं कुठे? कोपऱ्यावरच्या पबमध्ये. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून केंटिश टाउनच्या ‘डेव्हनशर आर्म्स’सारख्या पबांत हे वादक आठवड्याच्या सुटीला एकत्र बसू लागले. स्लायगोचा फिडलवादक मायकल गॉर्मन, क्लेअरचा बॉबी केसी, लंडनमध्ये सुतारकाम करणारा पाइपवादक विली क्लान्सी असे वेगवेगळ्या गावांचे लोक पहिल्यांदाच एका टेबलाशी आले. गावात असते तर हे कदाचित एकमेकांना भेटलेही नसते.

पबमध्ये नाचायला जागा नव्हती. पाय थांबले आणि वादकांची नजर एकमेकांच्या बोटांवर आली. तुम्ही डूलिनमध्ये पाहिलेलं वर्तुळ असं घडलं.

नंतर ही रीत समुद्र ओलांडून मायदेशी आली. १९५१ मध्ये मलिंगार गावी पारंपरिक वादकांची ‘कोल्तस’ ही संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने ‘फ्ला’ म्हणजे वादकांचा मेळावा भरवायला सुरुवात केली. दिवसा स्पर्धा आणि रात्री गावातल्या पबांत पहाटेपर्यंत वादन असा शिरस्ता पडला. १९६०च्या दशकात लोकसंगीताची लाट आली. डब्लिनच्या ‘ओ’डोनोह्यूज’ पबमधून ‘डब्लिनर्स’ हा गट पुढे आला. एके काळी गाण्या-वाजवण्याला नाक मुरडणाऱ्या पबमालकांना कळलं की वादक आले की गिऱ्हाईक येतं. धुना दोनशे-अडीचशे वर्षांच्या असतील, पण पबमध्ये असं गोल बसण्याची चाल जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे. घर बंद झालं, गाव सुटलं, तरी या लोकांनी वाजवण्याची जागा नव्याने उभी केली, याचं मला विलक्षण अप्रूप वाटतं.

न बोलता धून कशी बदलते?

एक रील जवळून पाहू. तिचे सहसा दोन भाग असतात, प्रत्येक आठ मात्राखंडांचा. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, म्हणजे एकूण ३२ खंड. सेशनच्या चालीत एवढं वाजवायला साधारण ३५ सेकंद लागतात. अशी पूर्ण धून बहुधा तीन वेळा वाजते आणि मग खंड न पाडता तिच्यातून दुसरी धून निघते. दोन-तीन धुना अशा गुंफल्या की एक ‘सेट’ झाला.

दुसरी धून कोणती, हे ज्याने सेट सुरू केला तो ठरवतो. तिसरी फेरी संपत आली की तो मान वर करतो, भुवई उडवतो, ठेका धरलेला पाय जरा उचलतो किंवा ‘हप्’ असा हुंकार देतो. नवी धून सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन खंडांतच बाकीचे ती ओळखतात आणि मिसळून जातात. ज्याला ती येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून स्वस्थ ऐकतो. यात त्याला कमीपणा नाही. अंदाजाने चाचपडत वाजवण्यापेक्षा गप्प बसणाऱ्याचा मान तिथे जास्त.

काही जोड्या वर्षानुवर्षं पक्क्या झालेल्या आहेत. स्लायगोचा मायकल कोलमन (१८९१–१९४५) न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्याने फिडलच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या बोटीने मायदेशी आल्या, खेड्यापाड्यांतल्या ग्रामोफोनवर झिजेपर्यंत वाजल्या. १९३४ मध्ये त्याने तीन रील ज्या क्रमाने वाजवल्या, त्याच क्रमाने त्या आजही सेशनमध्ये वाजतात. पहिली सुरू झाली की दुसरी आणि तिसरी कोणती हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं.

हे सगळं कानाने शिकलेलं. टेबलावर तुम्हाला एकही कागद दिसला नसेल. छापील संग्रह मात्र आहेत, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला एका पोलीस अधिकाऱ्याने केला. कॉर्कमध्ये जन्मलेले फ्रान्सिस ओ’नील १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख होते. शहरात स्थायिक झालेल्या आयरिश वादकांकडून त्यांनी धुना गोळा केल्या आणि १९०३ मध्ये १,८५० धुनांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चार वर्षांनी निव्वळ नाचाच्या १,००१ धुनांचं दुसरं पुस्तक आलं. अडलं-नडलं तर वादक आजही ते उघडतात, पण घरी. पबमध्ये येताना धून बोटांत बसलेलीच हवी.

पैसे कोण देतं?

रोजच्या सेशनमध्ये दोन किंवा तीन वादकांना पबमालक ठरावीक बिदागी देतो. त्यांनी वेळेवर यायचं, धुना सुरू करायच्या आणि रात्र निभावून न्यायची. बाहेर पाटीवर लिहिलेली साडेनऊची वेळ ते सांभाळतात. बाकीचे येतात ते हौसेने. त्यांना पैसे मिळत नाहीत. मालकाकडून एखादा ग्लास येतो, कधी वाटीभर सूप आणि सँडविच. एका टेबलावर बिदागी घेणारा आणि न घेणारा शेजारी शेजारी बसतो आणि ऐकणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही.

म्हणून प्रवेशाला तिकीट नसतं आणि टोपीही सहसा फिरवत नाहीत. याचा अर्थ ऐकणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही असा नव्हे. हे सगळं पबच्या गल्ल्यावर चालतं. दारू घेत नसाल तर चहा घ्या, जेवण घ्या, पण काहीतरी मागवा. दोघांनी एका पाण्याच्या बाटलीवर तीन तास टेबल अडवणं बरं दिसत नाही.

जानेवारीच्या मंगळवारी शुकशुकाट का?

डूलिनजवळच मोहरचे उंच कडे आहेत. उन्हाळ्यात ते बघायला जगभरचे लोक येतात आणि ‘गस ओ’कॉनर्स’, ‘मॅकगॅन्स’, ‘मॅकडर्मट्स’ या तिन्ही जुन्या पबांत रोज रात्री वादन असतं. पर्यटक गेले की गाव आपल्या मूळ आकाराला येतं. मग वादन उरतं ते मुख्यतः शुक्रवार, शनिवार आणि रविवारचं, कारण वाजवणारे शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, शेतकरी आणि गवंडी आहेत. मंगळवारी रात्री बारापर्यंत बसून बुधवारी सकाळी वर्गावर उभं राहणं कोणाला परवडतं? कायद्यानेही सुटीच्या रात्रींना सैल हात दिला आहे : शुक्रवारी आणि शनिवारी पब साडेबारापर्यंत दारू देऊ शकतो, सोमवार ते गुरुवार साडेअकरापर्यंत, रविवारी अकरापर्यंत.

यामागे एक काळजीची गोष्टही आहे. २००५ नंतर आयर्लंडमधल्या दर पाच पबांपैकी निदान एक बंद झाला आणि त्याची झळ खेड्यांना जास्त बसली. घरी पिणं स्वस्त झालं, तरुण शहरांत गेले. २०११ मध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमवरून ५०वर आली. जीव वाचवणारा हा कायदा योग्यच आहे. पण जिथे शेवटची बस संध्याकाळीच निघून जाते, तिथे सात-आठ मैलांवरून एकट्याने येणारा म्हातारा शेतकरी त्यामुळे घरीच राहिला. खेड्यातला पब बंद होतो तेव्हा वादकांचं टेबलही जातं, आणि नव्या पोरांना थोरांच्या शेजारी बसून शिकण्याची जागाही. म्हणूनच हिवाळ्यातल्या शनिवारी जे लोक पावसा-वाऱ्यात फिडलची पेटी घेऊन निघतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

मुलाला सांगा, हिवाळ्यातच जा, पण शनिवार-रविवार गाठून. गर्दी कमी, वादक बहुतेक स्थानिक, आणि बसायला जागा मिळते. डूलिनचं नाव ज्यांनी दूरवर नेलं ते शिट्टीवादक मायको रसेल (१९१५–१९९४) आणि त्यांचे भाऊ पॅकी व गसी हे याच गावचे. त्यांच्या स्मरणार्थ फेब्रुवारीअखेरच्या शनिवार-रविवारी तिथे वादक जमतात. आणि जुलैत जमलं तर मिलटाउन मॅलबे. लंडनमध्ये सुतारकाम करणाऱ्या ज्या विली क्लान्सीचा उल्लेख वर आला, तो या गावचा. १९७३च्या जानेवारीत तो गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैत मित्रांनी त्याच्या नावाने उन्हाळी शाळा सुरू केली. सकाळी वर्ग भरतात आणि रात्री गावातल्या पबांत बसायला जागा उरत नाही. शिकवणारे आणि शिकणारे एकाच टेबलाशी बसतात.

ऐकणाऱ्याने काय पाळावं?

फार काही नाही. टेबलाजवळची रिकामी दिसणारी खुर्ची बहुधा उशिरा येणाऱ्या वादकासाठी राखलेली असते, ती धरू नका. रील चालू असताना हलक्या आवाजात बोललं तर कोणी डोळे वटारत नाही. टाळ्यांचा ठेका मात्र धरू नये. तो वादकांच्या लयीशी जुळत नाही आणि त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. सेट संपल्यावर खुशाल दाद द्या. मोबाइलवर चित्रण करायचं तर आधी विचारा.

दोन प्रसंगी मात्र पूर्ण शांतता हवी. एक, संथ धून. ती बहुधा इलन पाइप्सवर ऐकायला मिळते. या वाद्यात फुंकर नसते. एका कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, दुसऱ्या कोपराखालची पिशवी दाबून ती सोडायची. सुरावट वाजते तेव्हा खालून अखंड षड्ज घुमत राहतो. तानपुऱ्यावर पोसलेल्या आपल्या कानांना तो ओळखीचा वाटतो. २०१७ मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिलं. दुसरा प्रसंग शॅन-नोस गायनाचा : आयरिश भाषेतलं, साथीशिवायचं, हरकतींनी भरलेलं एकट्याचं गाणं. कोणीतरी डोळे मिटून गायला लागतं आणि बारवरच्या ग्लासांची खळखळही थांबते. काही वेळा शेजारी बसलेला माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि गाण्याच्या ओघाबरोबर तो हळूहळू फिरवत राहतो. गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, ही त्यामागची भावना.

लहान मुलं बरोबर असतील तर एवढं लक्षात ठेवा : १८ वर्षांखालच्यांना रात्री ९ नंतर, मे ते सप्टेंबरमध्ये १० नंतर, बारमध्ये थांबता येत नाही. त्यांना रविवार दुपारच्या सेशनला न्यावं. तिथे गावातली मुलंही वाजवताना दिसतात.

तबला नेला तर?

पहिल्याच रात्री नेऊ नये. कारण तबला परका आहे हे नाही. या टेबलावरची बरीच वाद्यं बाहेरून आलेली आहेत. कॉन्सर्टिना इंग्लंडहून आली आणि क्लेअरच्या बायकांनी ती आपलीशी केली. बँजो अमेरिकेहून आला. बुझुकी तर ग्रीसची. १९६०च्या दशकात जॉनी मॉयनिहन यांनी ती आयरिश धुनांत आणली आणि आज ती तिथलीच वाटते. दार बंद नाही.

अडचण तालवाद्याची आहे. बकऱ्याच्या कातड्याची बोरॉन नावाची डफासारखी चकती तिथे वाजते, पण एका वेळी एकच, असा अलिखित नियम आहे. दोन झाल्या की सुरावट गुदमरते. या संगीतात ताल सुरावटीच्या आतच असतो, गजाच्या आणि जिभेच्या ठोक्यांत. जिगच्या सहाच्या चालीला दादरा लावला की काम झालं असं तबलजीला पहिल्यांदा वाटेल. पण आघात कुठे पडतो, कुठे सुटतो, हे धून तोंडपाठ असल्याशिवाय कळत नाही, आणि एकाच काउंटीत गावागणिक ते बदलतं. पूर्व क्लेअरची मंडळी इतरांपेक्षा संथ, लांबवत वाजवतात. तिथे भरगच्च बोल घातले तर सगळ्यांचीच गंमत जाईल.

तेव्हा मुलाला माझा आग्रह असा. डी स्वराची टिनची शिट्टी घ्यावी. ती फार महाग नसते आणि तिकडे शाळेतली पोरंही तिच्यावरच सुरुवात करतात. कोल्तसच्या शाखा देशभर आहेत, तिथे मोठ्यांसाठीही वर्ग असतात. दोन जिग, दोन रील पक्क्या कराव्यात. नवशिक्यांसाठी संथ गतीची सेशन असतात, तिथून सुरुवात करावी. मग एकच पब आणि एकच वार ठरवून नेमाने जावं. आधी नुसतं ऐकावं, धुनेचं नाव विचारावं. दोन-चार आठवड्यांनी कोणीतरी आपणहून विचारेल, “तू काय वाजवतोस?” तेव्हा तबल्याचं सांगावं आणि पुढच्या खेपेला डग्गा घरी ठेवून नुसता तबला, हलक्या बोटांनी वाजवावा, तोही आपल्याला पाठ असलेल्या धुनांवरच.

घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, दिवसभर नोकरी करून आठवड्याच्या अखेरीला माणसं शोधत पबमध्ये आलेल्या तरुणांनीच ही रीत घडवली. तुमचा मुलगा आज त्याच स्थितीत आहे. त्याला तिथे परकं वाटण्याचं काही कारण नाही. त्याने जरूर जावं.